साध्या पाकिटाच्या धाटणीचे विनोदी टी-शर्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आमच्या छपाईच्या कामाबद्दल फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि प्रत्यक्ष दुकानात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते येथे एकत्र केले आहेत. प्राथमिक प्रश्न आधी आहेत आणि अडचणीचे अपवाद नंतर. एकाच गोष्टीचे उत्तर दोनदा द्यावे लागू नये म्हणून जागोजागी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. साध्या पाकिटाच्या धाटणीचा टी-शर्ट म्हणजे नक्की काय?

एका रंगाचा शर्ट, एकच शाई, छातीवर एखाद्या वस्तूचे किंवा माणसाचे सर्वसामान्य नाव मोठ्या ठळक अक्षरांत आणि त्याखाली किराणा मालाच्या पाकिटावर असतात तशा दोन-चार बारीक ओळी, एवढाच हा ऐवज असतो. चित्र, घोषवाक्य किंवा बोधचिन्ह यांपैकी काहीही नसते. उदाहरणार्थ, पांढऱ्या शर्टावर काळ्या अक्षरांत "मामा" असे लिहिलेले असते आणि खाली "निव्वळ नग : १. थंड व कोरड्या जागी ठेवावा. आल्यापासून अर्ध्या तासात चहा द्यावा." असा मजकूर असतो.

२. ही कल्पना मुळात कुठून आली?

१९७० च्या दशकातील महागाईत युरोप-अमेरिकेतील मोठ्या दुकानांनी जाहिरातीचा आणि आकर्षक वेष्टनाचा खर्च वगळून स्वस्त माल विकायला सुरुवात केली, तेव्हा ही पाकिटे जन्माला आली. फ्रान्समध्ये कारफूर या साखळीने १९७६ मध्ये कोणत्याही ब्रँडचे नाव नसलेल्या पन्नास वस्तू पांढऱ्या वेष्टनात बाजारात आणल्या. पुढच्याच वर्षी शिकागोच्या ज्युएल दुकानांत तसाच माल दिसू लागला आणि १९७८ मध्ये कॅनडातील लॉबलॉ कंपनीने पिवळ्या पाकिटावर काळ्या अक्षरांत फक्त वस्तूचे नाव छापणारी "नो नेम" मालिका काढली. जपानमधील मुजीची सुरुवात १९८० मध्ये चाळीस वस्तूंनी झाली, तीही याच विचारातून. डब्यावर "वाटाणे" एवढेच लिहिलेले पाहून लोकांना गंमत वाटू लागली आणि तीच पाटी अंगावरच्या कपड्यावर आली.

आपल्याकडे मात्र बिनानावाच्या मालाचे कोणाला अप्रूप नव्हते. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेला, दोऱ्याने आवळलेला डाळीचा पुडा खान्देशातील प्रत्येक घराने पाहिलेला आहे आणि त्यावर काहीच लिहिलेले नसे. त्यामुळे येथे हसू येते ते पाकीट कोरे असण्याला नव्हे, तर त्यावरील सरकारी थाटाच्या ओळींना. याचे सविस्तर उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

३. एवढ्या कोरड्या मजकुराला लोक हसतात तरी का? त्यात थोडा मसाला घातला तर चालणार नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि आमच्या मते या कामाचे सगळे मर्म त्यातच आहे. "मामा" या शर्टावरील "थंड व कोरड्या जागी ठेवावा" ही ओळ बिस्किटाच्या किंवा मसाल्याच्या पाकिटावरून जवळजवळ जशीच्या तशी उचललेली आहे. तिच्यात विनोदी शब्द एकही नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मे महिन्यात धुळ्याहून एसटीने आलेला, घामाघूम झालेला आणि पंख्याखालची खुर्ची पटकावून बसलेला मामा आपोआप उभा राहतो. ते चित्र आपण काढायचे नसते, वाचणाऱ्यानेच काढायचे असते. या ओळीऐवजी "आमचा लाडका मामा, एक नंबर!" असे छापले आणि पुढे हसरा चेहरा काढला, तर वाचणाऱ्याला करण्यासारखे काही उरत नाही. साध्या पाकिटावरचा माल स्वतःची स्तुती करत नाही, म्हणून उद्गारचिन्ह, हसरे चेहरे आणि "बेस्ट", "किंग" यांसारखे शब्द आम्ही काढून टाकण्याची विनंती करतो.

ओळींचा क्रमही मनाने ठरवू नये. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार पाकिटावर उत्पादकाचे नाव व पत्ता, वस्तूचे सर्वसामान्य नाव, निव्वळ प्रमाण, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क ही माहिती द्यावी लागते. आपल्या सर्वांच्या नजरेला या गोष्टींची इतकी सवय आहे की त्यांपैकी तीन-चार ओळी ओळखीच्या शब्दांत आल्या, तरी शर्ट पाकिटासारखा दिसू लागतो. प्रमाण सांगताना "अंदाजे", "किमान", "सरासरी" असे शब्द वापरायला त्या नियमांत मनाई आहे. विनोदालाही तोच नियम लागू पडतो, कारण "निव्वळ नग : १" यातील ठामपणा "साधारण एक" यात राहत नाही.

मजकूर ठरवताना एकच कसोटी लावावी : ही ओळ खऱ्या पाकिटावर छापता आली असती का? नसेल, तर ती गाळावी.

४. खान्देशातील कोणते विषय या धाटणीत चांगले उतरतात?

ज्या गोष्टीला घटक, कृती, साठवण किंवा मूळ ठिकाण आहे, ती सहज उतरते. भरिताचा शर्ट हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. वर "भरीत" हे नाव, खाली "घटक : वांगी, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, तेल, मीठ. भाजण्याचे माध्यम : कपाशीच्या काड्या. सोबत : कळण्याची भाकरी. गॅसवर भाजल्यास उत्पादक जबाबदार नाही." यातली शेवटची ओळ सोडली, तर सगळा मजकूर शब्दशः खरा आहे, आणि म्हणूनच ती एक ओळ उठून दिसते. हे प्रमाण आम्ही बहुतेक शर्टांवर पाळतो : तीन ओळी खऱ्या, एक ओळ घरची.

उन्हाचा शर्टही जातो. "ऊन. मूळ ठिकाण : भुसावळ. उत्पादन महिना : मे. निव्वळ तापमान : ४६ अंश सेल्सिअस. सकाळी आठपूर्वी वापरल्यास उत्तम." शेवभाजी, केळीचे वेफर्स, बिबडे, वरण-बट्टी हे विषयही असेच सरळ आहेत.

अनेक जण एकाच शर्टावर केळी, कापूस, सोने, भरीत आणि अहिराणी सगळे एकत्र मागतात. तसे केल्यास ते पर्यटनाचे पत्रक होते. एका शर्टावर एकच माल असावा, असा आमचा आग्रह असतो.

५. मजकूर अहिराणीत छापून मिळेल का?

जरूर मिळेल. मोठे नाव अहिराणीत आणि खालच्या ओळी प्रमाण मराठीत ठेवाव्यात, असे आम्ही सुचवतो. वर "दाय" आणि खाली "सर्वसामान्य नाव : तूर डाळ. निव्वळ वजन : १ किलो", किंवा वर "मानूस" आणि खाली "निव्वळ नग : १. मूळ ठिकाण : साक्री" असे लिहिले, की घरची बोली आणि सरकारी भाषा एकमेकींसमोर उभ्या राहतात. सगळाच मजकूर बोलीत घातल्यास पाकिटाचा थाट नाहीसा होतो.

लेखनाबद्दल एक विनंती आहे. धुळ्याकडची अहिराणी, नंदुरबारकडची अहिराणी आणि रावेर-यावल भागातील लेवा बोली यांत उच्चारांचा फरक आहे. आपल्या घरात शब्द जसा बोलला जातो तसाच लिहून पाठवावा. आम्ही तो फोनवर आपल्याला वाचून दाखवतो आणि आपण "हो" म्हटल्यावरच छापतो. आमच्या मनाने तो सुधारत नाही.

६. अमुक प्रसिद्ध मिठाच्या किंवा बिस्किटाच्या पुड्यासारखाच शर्ट, फक्त नाव बदलून, करून द्याल का?

नाही. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ मध्ये चिन्हाची व्याख्या केवळ नावापुरती नाही. वेष्टन, मालाचा आकार आणि रंगांची जुळणी यांचाही तिच्यात समावेश आहे. पुड्यावरील चित्र आणि मांडणी यांना प्रताधिकार अधिनियम, १९५७ चे संरक्षण असू शकते. "आम्ही तर गंमत म्हणून केले" एवढ्या उत्तरावर सुटका होईलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

या धाटणीचे मोठेपण असे, की तिला उसनवारीची गरजच पडत नाही. मिठाला "मीठ" म्हणण्याचा हक्क कोणा एकाकडे नसतो, कारण मालाचे केवळ वर्णन करणारा शब्द सहसा व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येत नाही. सर्वसामान्य नावे सगळ्यांची असतात आणि आपला विनोद त्यांच्यावरच उभा आहे. प्रश्न २ मधील कॅनडाच्या पाकिटांची पिवळी-काळी जोडी मात्र आता त्या कंपनीची ओळख झाली आहे, म्हणून आम्ही ती वापरत नाही. पांढरा, मळकट पांढरा आणि पुड्याच्या कागदाचा तपकिरी हे आमचे रंग आहेत.

७. खरे वाटावे म्हणून हिरवा ठिपका, आयएसआयचे चिन्ह, बारकोड हे सगळे टाकता येईल का?

ही चिन्हे सजावटीची नाहीत. आयएसआयचे चिन्ह परवान्याशिवाय वापरण्यास भारतीय मानक ब्युरो अधिनियम, २०१६ नुसार बंदी आहे, आणि शेतमालाच्या दर्जासाठीच्या ॲगमार्क या चिन्हामागे १९३७ चा कायदा आहे. चौकटीतील हिरवा ठिपका शाकाहारी अन्नासाठी आणि तपकिरी त्रिकोण मांसाहारी अन्नासाठी ठरवून दिलेला आहे. टी-शर्ट हे अन्न नसल्यामुळे आम्ही त्या जागी केवळ "शाकाहारी" असा शब्द छापतो, आणि तो ठिपक्यापेक्षा अधिक हसवतो असा आमचा अनुभव आहे. राजमुद्रा तर कोणत्याही रूपात छापणार नाही. तिच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा स्वतंत्र कायदा आहे.

बारकोडबद्दल सांगायचे तर घरातल्या पाकिटावरचा कोड उतरवून पाठवू नये. ८९० ने सुरू होणारे ते आकडे जीएस१ इंडिया या बारकोड क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून नोंदणीकृत कंपनीला मिळालेले असतात आणि शर्टावरून ते यंत्राने वाचलेही जाऊ शकतात. आम्ही नुसत्या उभ्या रेघा काढतो आणि खाली आकड्यांऐवजी गावाचे नाव घालतो.

जळगावची केळी, जळगावचे भरीताचे वांगे आणि नवापूरची तूर डाळ यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यांचा अभिमान शब्दांत जरूर व्यक्त करावा, परंतु मानांकनाचे बोधचिन्ह शर्टावर मागू नये.

८. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) लग्नसराईत हळदीसाठी सगळ्या वऱ्हाडाचे शर्ट हवे आहेत. "नवरदेव" या शर्टावर किंमत काय लिहावी?

किंमत लिहूच नये. करवली, वरमाय, आचारी, बँडवाला यांच्यासाठी मजकूर मोकळेपणाने ठरवता येतो, पण नवरा किंवा नवरी यांच्या छातीवर किमतीची ओळ आली की वाचणाऱ्याच्या मनात हुंड्याचा विचार आल्याशिवाय राहत नाही. १९६१ पासून हुंड्याला कायद्याने बंदी आहे आणि तरीही तो संपलेला नाही. अशा गोष्टीला हसण्यावारी नेणारी ओळ आम्ही छापत नाही. "मोफत", "सवलतीत" आणि "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हेही नवरीच्या शर्टावर नको. त्याऐवजी "नवरदेव. निव्वळ नग : १. हळद लावल्यानंतर घराबाहेर नेऊ नये." असा मजकूर सुचवतो, कारण ती घरातल्या आजीचीच सूचना असते आणि सगळ्यांना कळते.

९. माणसावरचा विनोद कुठपर्यंत चालतो?

ज्याच्या अंगावर शर्ट जाणार, त्याने मजकूर आधी वाचलेला असावा, ही पहिली अट आहे. वाढदिवसाला अचानक द्यायचा असल्यास घरातील दुसऱ्या कोणाची तरी संमती आम्ही विचारतो. निव्वळ वजनाच्या ओळीत माणसाचे खरे किलो घालू नयेत; "१ नग" पुरेसे आहे. रंग, जात, अपंगत्व आणि मूल नसणे यांवरील मजकूर परत पाठवला जातो. देवतांची नावे आणि कानबाईच्या रोटांसारखा प्रसाद यांनाही मालाच्या यादीत घालू नये, कारण ज्यांच्या घरी तो कुलाचार आहे त्यांच्यासाठी ती वस्तू "माल" नसते.

१०. स्क्रीन प्रिंटिंग करता की डीटीएफ?

बहुतेक काम स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून शाई दाबून होते. या चौकटीला फ्रेम म्हणतात. एकच शाई असल्यामुळे एकच फ्रेम लागते आणि पांढऱ्या सुती कापडावर पाण्यातील पिगमेंटची शाई मऊ बसते. प्लास्टिसॉल ही प्लास्टिकची शाई अधिक ठळक दिसते, पण ती साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत पूर्ण तापवावी लागते. कमी तापवली तर काही धुण्यांतच तिला तडे जातात. एक-दोन नगांसाठी फ्रेम काढणे परवडत नाही, तेव्हा आम्ही डीटीएफ वापरतो. त्यात छापील फिल्म हीट प्रेसने कापडावर चिकटते. ठळक नावाची मोठी अक्षरे त्या पद्धतीत छातीवर पट्टीसारखी जाणवतात आणि उन्हाळ्यात त्याखाली घाम साचतो, हे ऑर्डर देण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

खरी परीक्षा बारीक ओळींची असते. देवनागरीत अनुस्वाराचा ठिपका लहान आणि शिरोरेषेच्या वर सुटा असतो. प्रकाशाने फ्रेमवर अक्षरे उतरवताना प्रकाश जास्त वेळ दिला गेला, तर जाळीतला तो ठिपका बुजून जातो आणि "वांगी" चे "वागी" होते. उलट शाई पातळ असली, तर "निव्वळ" मधील जोडाक्षराच्या पोटातली जागा भरते आणि काळा डाग उरतो. म्हणून बारीक ओळींसाठी आम्ही अधिक बारीक जाळीचे कापड वापरतो, अक्षरे खऱ्या पाकिटावरच्यापेक्षा बरीच मोठी ठेवतो आणि पहिला नग जुन्या कापडावर काढून प्रत्येक अनुस्वार बोट ठेवून तपासतो. या कारणाने चारपेक्षा जास्त ओळींचा आग्रह धरू नये.

११. टंक (फॉन्ट) कोणता वापरता? मी घरी टाइप करून पाठवलेला मजकूर उघडल्यावर भलतीच अक्षरे का दिसतात?

सारख्या जाडीच्या रेषांचा, अलंकार नसलेला टंक या धाटणीला शोभतो. मुक्त परवान्यात मिळणारा "मुक्ता" आम्ही अनेकदा वापरतो. "ल" आणि "श" ही अक्षरे मराठी वळणाची आहेत की हिंदी वळणाची, हे आम्ही आवर्जून पाहतो. "शेवभाजी" मधला "श" परक्या वळणाचा आला, तर पाकीट येथले वाटत नाही.

अक्षरे बिघडण्याचे कारण बहुधा युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत येण्यापूर्वीचा टंक हे असते. तो टंक ज्या संगणकावर नाही, तेथे मजकूर निरर्थक दिसतो. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर लिहून पाठवल्यास ही अडचण येत नाही.

१२. जळगावच्या उन्हात कोणते कापड बरे पडेल?

१८० जीएसएमचे (म्हणजे एका चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचे) कोम्ब्ड, म्हणजे विंचरलेल्या सुताचे कॉटन. १६० चे कापड हलके असते, पण पांढऱ्या रंगात आतली बनियन दिसते आणि छातीवरचा मजकूर वाचताना लक्ष तिकडे जाते. कापूस खान्देशात पिकत असला, तरी विणलेले तयार टी-शर्ट आम्ही तिरुपूरहून मागवतो.

१३. धुताना काय काळजी घ्यावी?

पहिल्या चोवीस तासांत धुवू नये. नंतर उलटा करून थंड पाण्यात धुवावा, सावलीत वाळवावा आणि छपाईवर थेट इस्त्री फिरवू नये.

१४. बिल मिळते का, आणि जीएसटी किती लागतो?

बिल प्रत्येक ऑर्डरला मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला ५ टक्के दर आहे आणि आमचे सर्व शर्ट त्यात बसतात. शर्टाची खरी किंमत आणि साइझ आतल्या लेबलवर असते. छातीवरील मजकुराचा त्याच्याशी संबंध नाही.

१५. आमची स्वतःची डाळ मिल आहे. कामगारांसाठी याच धाटणीत आमच्याच डाळीचे शर्ट करता येतील का?

करता येतील, पण येथे नियम बदलतात. प्रश्न ४ मधील भरिताचा शर्ट कोणाचा माल विकत नाही. आपला शर्ट मात्र आपल्या खऱ्या मालाची जाहिरात ठरतो. त्यामुळे "शंभर टक्के", "भेसळमुक्त", "आरोग्यदायी" असे शब्द सिद्ध करता येणार असतील तरच घालावेत, कारण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये दंडाची तरतूद आहे. आपला चौदा अंकी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांक शर्टावर घालण्याची गरज नाही. अशा ऑर्डरसाठी आम्ही विनोदाची ओळ डाळीवर न ठेवता कामगारांच्या दिवसावर ठेवतो : "तूर डाळ. निवडणारे हात : २. विश्रांती : दुपारी १ ते २."

१६. औषधाच्या पाकिटासारखा शर्ट करता येतो का?

रूप घेता येते, पण औषधाचे नाव आणि आजार बरा करण्याचा दावा घेता येत नाही. "डोकेदुखी. निव्वळ नग : १. वर्ग : सातवी ब." हा मजकूर एका शिक्षिकेने स्वतःसाठी करून घेतला आणि तो आम्ही आनंदाने छापला. "मधुमेहावर खात्रीशीर" अशी ओळ मात्र गमतीतही छापणार नाही. औषधे आणि जादुई उपाय यांच्या जाहिरातींवरील १९५४ चा कायदा त्याच्या आड येतो, आणि शर्ट पाहून कोणी खरोखर चौकशीला आलेच, तर त्याला द्यायला आपल्याकडे उत्तर नसते.

१७. मी सुचवलेला मजकूर तुम्ही दुसऱ्यांनाही विकाल का?

विचारल्याशिवाय नाही. एखाद-दुसऱ्या शब्दावर किंवा नावावर सहसा प्रताधिकार मिळत नाही, त्यामुळे कायद्याने आम्हाला कदाचित कोणी अडवणार नाही. तरीही एका घरातली गंमत त्या घराची असते, असे आम्ही मानतो. आपण लेखी परवानगी दिली, तरच तो मजकूर आमच्या नमुन्यांच्या वहीत लागतो. दोन घरांनी एकच ओळ सुचवली असेल, तर आम्ही दोन्हीकडे तसे कळवतो. "मामा" या शर्टाच्या बाबतीत असे झाले, तेव्हा दोन्ही घरांनी होकार दिला आणि म्हणूनच तो या पानावर छापता आला.